नाडी लागत होती, मग हात का चिरला?

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा सात वर्षांचा मुलगा झाडावरून डाव्या हातावर पडला आणि दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडले. संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात स्लॅब (प्लास्टरचा एका बाजूने दिलेला आधार) घालून वर क्रेप पट्टी बांधली गेली आणि हाड बसवण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी करायचे ठरले. रात्री मुलगा सतत रडत राहिला. वेदनाशामक औषध देऊनही फरक पडला नाही. 'हाड मोडले आहे, दुखणारच' असे घरातले म्हणत राहिले. अखेर मध्यरात्रीनंतर आईने हट्टाने त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे कंपार्टमेंट सिंड्रोमचे, म्हणजे हाताच्या आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटण्याचे, निदान झाले, तातडीने हाडात तारा घातल्या आणि कोपरापासून तळहातापर्यंत लांब चीर दिली. आज दहा दिवस झाले. जखम उघडी आहे, त्वचारोपणाचा सल्ला मिळाला आहे, बोटे पूर्ण सरळ होत नाहीत आणि अंगठ्याचे व तर्जनीचे टोक वाकत नाही. त्यांचे चुलत सासरे पूर्वी कंपाउंडर होते. ते म्हणतात की नाडी लागत होती, बोटे गुलाबी होती, शिवाय 'आतले स्नायू लाल आणि जिवंत आहेत' असे शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीच सांगितले, मग एवढी चिरफाड कशाला? दुसरी शस्त्रक्रिया टाळून मुलाला मालीश करणाऱ्याकडे न्यावे आणि पहिल्या दवाखान्यावर तक्रार करावी, असा घरात सूर आहे. आई विचारतात की चीर खरेच आवश्यक होती का, त्वचारोपण करावे का, हात पूर्ववत होईल का आणि 'मी औषध देत बसले म्हणून हे झाले का?'

नमस्कार ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो मनात राहिला तर बाकीची उत्तरे तुमच्यापर्यंत नीट पोहोचणार नाहीत. औषध दिल्यामुळे हे झाले नाही. मोडलेल्या हाडाची वेदना हात नीट टेकवून ठेवला आणि वेदनाशामकाची योग्य मात्रा दिली की बऱ्याच अंशी उतरते, मूल थकून झोपी जाते. तुमच्या मुलाची वेदना औषधाला दाद न देता वाढत गेली. अस्थिरोग शल्यचिकित्सक म्हणून मला त्या रात्रीच्या साऱ्या हकिकतीतली हीच सर्वांत महत्त्वाची खूण वाटते, आणि ती घरात फक्त तुम्ही ओळखली. बाकीचे सगळे समजूत घालत असताना तुम्ही गाडी काढायला लावली, म्हणून आज आपण हाताच्या उपचारांबद्दल बोलत आहोत, हात कायमचा गेल्याबद्दल नाही.

आता चुलत सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येऊ. तो अनुभवी माणसाचा मुद्दा आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या वेगवेगळ्या कप्प्यांत बसवलेल्या असतात. ढोबळमानाने तळहाताच्या बाजूचा एक, मागचा एक आणि अंगठ्याच्या कडेचा एक असे तीन कप्पे मानतात. या कप्प्यांवरचे आवरण चिवट असते आणि फारसे ताणत नाही. मार लागून आत रक्तस्राव झाला, स्नायूंना सूज आली किंवा बाहेरून पट्टी घट्ट झाली की आतला दाब वाढतो. प्रौढांमध्ये हा दाब एरवी पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटरपर्यंत असतो, मुलांमध्ये थोडा जास्त. तो ३० च्या आसपास चढला की स्नायूंमधल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दबून बंद होऊ लागतात. मनगटावर जी धमनी आपण चाचपतो, तिच्यातला दाब मात्र शंभरच्या आसपास असतो, त्यामुळे ती वाहतच राहते. कालव्याला पाणी आहे, पण चाऱ्या बुजल्यामुळे शेताला ते मिळत नाही, असा हा प्रकार आहे. कालव्याच्या काठावर उभे राहून पीक वाचले की नाही हे सांगता येणार नाही, तसेच नाडीवर बोट ठेवून स्नायूंना रक्त मिळते की नाही हे सांगता येत नाही. बोटांची त्वचा गुलाबी असणे हीदेखील तितकीच अपुरी खात्री आहे. नाडी लागत नसेल तर काळजीचे मोठे कारण असतेच, पण ती लागते म्हणून निर्धास्त राहणे चूक आहे.

वैद्यकीय पुस्तकांत या आजाराची पाच लक्षणे एकत्र दिलेली असतात: वेदना, फिकटपणा, मुंग्या किंवा बधिरपणा, बोटे न हलणे आणि नाडी न लागणे. जुन्या पिढीतल्या अनेकांच्या मनात ही यादी पक्की बसलेली आहे, आणि पाचही लक्षणे दिसेपर्यंत थांबावे असा तिचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात बोटे हलायची थांबतात तेव्हा स्नायू आणि नसा आधीच संकटात सापडलेल्या असतात. रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू साधारण चार तास तग धरतात, सहा ते आठ तासांनंतर बरेचसे नुकसान कायमचे होते. नसांचे काम तर त्याआधीच बिघडू लागते, म्हणून मुंग्या येतात.

आता 'स्नायू लाल आणि जिवंत होते' या वाक्याबद्दल. घरात त्याचा अर्थ 'म्हणजे चिरायची गरज नव्हती' असा घेतला गेला आहे. मला हा गैरसमज सर्वांत जास्त दूर करावासा वाटतो, कारण त्यातून योग्य वेळी योग्य निर्णय घेणाऱ्याला दोष दिला जातो. ही शस्त्रक्रिया, म्हणजे फॅशिओटॉमी, मेलेले स्नायू काढण्यासाठी करत नाहीत. स्नायू मरू नयेत म्हणून करतात. आवरण उघडताच स्नायू फुगून बाहेर येतात आणि काळपट झालेले स्नायू काही मिनिटांत पुन्हा लाल दिसू लागतात, चिमट्याने डिवचले की आकसतात, कापले की रक्त येते. हे दिसणे म्हणजे चीर वेळेवर दिली गेली. राखाडी, निर्जीव, डिवचले तरी न हलणारे स्नायू दिसले असते तर 'चीर आवश्यक होती' यावर घरात कोणी वाद घातला नसता, पण मुलाचा हात गेला असता.

फार उशीर झाला की काय होते, हे जर्मनीतल्या हाल्ले येथील शल्यचिकित्सक रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये लिहून ठेवले आहे. घट्ट पट्ट्यांनंतर काही रुग्णांचे मनगट व बोटे आकसून पंजासारखी होतात आणि त्याचे मूळ स्नायूंचा रक्तपुरवठा तुटण्यात आहे, असे त्यांनी मांडले. ती विकृती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मेलेल्या स्नायूंच्या जागी आखडणारा व्रण तयार होतो आणि वाढत्या वयाच्या मुलाचे हाड लांब होत असताना तो व्रण बोटांना आत ओढत राहतो. तुमच्या मुलाला झालेला कोपरावरचा अस्थिभंग पाच ते सात वर्षांच्या मुलांत सर्वाधिक दिसतो, आणि या विकृतीचे तेच एक जुने, सुपरिचित कारण आहे.

दाब मोजला होता का, असेही तुम्ही विचारले आहे. सुई घालून दाब मोजता येतो. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि कप्प्यातला दाब यांत ३० पेक्षा कमी अंतर उरले की धोका मानतात. उदाहरणार्थ, खालचा आकडा ६० आणि कप्प्यातला दाब ३८ असेल तर अंतर २२ उरते आणि वाट पाहण्यात अर्थ नसतो. पण रडणाऱ्या, घाबरलेल्या मुलाच्या सुजलेल्या हातात सुया घालणे क्लेशकारक असते. लक्षणे स्पष्ट असतील तर अनुभवी डॉक्टर मोजमापासाठी वेळ न घालवता निर्णय घेतात, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. शंका असेल, रुग्ण बेशुद्ध असेल किंवा हात इंजेक्शनने बधिर केलेला असेल, तेव्हा मोजमापाचे मोल वाढते.

आता पुढच्या उपचाराबद्दल. त्वचारोपण टाळू नका. जखम पहिल्या दिवशी मुद्दाम उघडी ठेवलेली असते, कारण लगेच शिवली तर पुन्हा दाब चढतो. दोन-तीन दिवसांनी आतली स्थिती पुन्हा पाहतात आणि सूज उतरली की कडा एकमेकींजवळ आणता येतात का ते बघतात. अनेकांची जखम अशीच हळूहळू मिटते आणि रोपणाची गरज पडत नाही. दहा दिवसांनंतरही मोठा भाग उघडा असेल, तर तो आपोआप भरून येईल अशी वाट पाहण्यात दोन धोके आहेत. एक जंतुसंसर्गाचा, आणि दुसरा असा की आपोआप भरणारी जखम आकसत भरते. कोपराच्या किंवा मनगटाच्या घडीवर तसा व्रण आला तर तो सांध्याला ओढून धरतो. त्वचारोपणात सहसा मांडीवरून त्वचेचा अगदी पातळ थर घेतात. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत भरते. पहिले काही दिवस तीच जागा हातापेक्षा जास्त झोंबते, हे मुलाला आधी सांगून ठेवा. हाताचा तो भाग रंगाने वेगळा दिसेल आणि कोरडा राहील. जखम पूर्ण भरल्यावर त्यावर हलक्या हाताने खोबरेल तेल लावणे आणि उन्हापासून जपणे चालेल, मात्र कधीपासून ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का ते पाहा आणि असल्यास तिथल्या आरोग्यमित्राला गाठा.

मालिशीला माझा स्पष्ट विरोध आहे. ताजा अस्थिभंग असलेल्या कोपराला जोर लावून चोळले की आजूबाजूच्या स्नायूंत हाड तयार होऊ शकते आणि मग तो सांधा वाकेनासा होतो. त्यात तुमच्या मुलाच्या हाडात तारा आहेत आणि जखम उघडी आहे. घरच्यांना 'काहीतरी केले पाहिजे' असे वाटते ते मला समजते, आणि करण्यासारखे खूप आहे. ते काम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मनगट व बोटे योग्य स्थितीत धरणारी स्प्लिंट विशेषतः रात्री वापरावी लागते. दिवसा ठरलेल्या वेळी बोटे सावकाश सरळ करावी लागतात, आणि नंतर कणीक मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे अशा कामांतून मूल स्वतःच हात वापरू लागते. सासूबाई घरात असतील तर पोळ्या लाटताना त्याला कणकेचा छोटा गोळा देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा.

अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक न वाकण्याची दोन कारणे असू शकतात. या अस्थिभंगात हाडाच्या टोकामुळे एका नसेच्या फांदीला मार बसतो, आणि नेमक्या याच दोन टोकांची ताकद जाते. अशी नस बहुतेक मुलांत काही महिन्यांत आपोआप सावरते. दुसरे कारण म्हणजे हाडालगतच्या खोल स्नायूंना रक्त कमी पडणे, कारण दाबाचा सर्वाधिक फटका त्यांनाच बसतो. पत्र वाचून यांतले कोणते ते मला ठरवता येणार नाही. पण एक निरीक्षण तुमच्या डॉक्टरांना उपयोगी पडेल. स्प्लिंट काढून हात बघण्याची परवानगी असेल तेव्हा, मनगट तळहाताकडे झुकलेले असताना बोटे सहज उघडतात का आणि मनगट सरळ किंवा वर उचलले की तीच बोटे तळहाताकडे ओढली जातात का, ते पाहा. तसे होत असेल तर स्नायू आखडू लागले असण्याची शक्यता असते आणि स्प्लिंट व व्यायाम लगेच वाढवावे लागतात. स्वतः जोर लावून बोटे ताणू नका, फक्त बघा आणि सांगा. हात शंभर टक्के पूर्ववत होईल असे वचन मी देत नाही. परंतु स्नायू जिवंत होते, मूल लहान आहे आणि तुम्ही जागरूक आहात, या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत.

तक्रारीबद्दल मी तुम्हाला आज कोणत्याही बाजूला ढकलणार नाही. कंपार्टमेंट सिंड्रोम उत्तम उपचार असतानाही होऊ शकतो, पट्टी न बांधताही होऊ शकतो. त्यामुळे तो झाला यावरूनच कोणाची चूक ठरत नाही. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. घरी पाठवताना धोक्याची लक्षणे तुम्हाला सांगितली होती का, आणि ती दिसल्यास रात्री कुठे यायचे हे सांगितले होते का? दोन्ही ठिकाणच्या उपचारांच्या नोंदींची प्रत लेखी अर्ज करून मागा. ती ७२ तासांत द्यावी असा नियम आहे. पुढच्या उपचारांसाठी तिचा उपयोग आहेच, तक्रार करायची झाली तर आधारही तोच. हा निर्णय मुलाची जखम भरल्यावर घेतला तरी काही बिघडत नाही. त्वचारोपणाची वेळ मात्र चुकवू नका.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी काही गोष्टी सांगतो. असा प्रकार आत्ता घरात चालू असेल तर कोणालाही पत्र लिहीत बसू नका, रुग्णालयात जा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. हाताला प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, औषधाची मात्रा पुरत नसेल, हात दगडासारखा कडक लागत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. सर्वांत उपयोगी तपासणी घरीही करता येते: रुग्णाच्या बोटाचे टोक धरून ते अगदी हळू सरळ करा. एवढ्यानेच कोपराखालच्या हातात असह्य कळ आली तर ती पक्की धोक्याची खूण समजा. लहान मूल 'मुंग्या येतात' असे सांगू शकत नाही. ते अस्वस्थ होते, चिडते, कोणत्याच स्थितीत निवांत राहत नाही आणि पुनःपुन्हा औषध मागते. अशा मुलाला 'हळवा आहे' म्हणून गप्प करू नका.

निघताना वरची क्रेप पट्टी सैल करा, पण खालचा स्लॅब आधाराला राहू द्या आणि कोपर वाकवू नका. सूज येऊ नये म्हणून एरवी हात उशीवर उंच ठेवायला सांगतात. या आजाराची शंका आली की मात्र तो हृदयाच्या पातळीलाच ठेवावा, कारण उंच धरल्याने आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी घटतो. बर्फ लावू नये. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये आणि शेवटचे कधी खाल्ले ते लक्षात ठेवावे. रुग्णालयात प्लास्टर कापतील तेव्हा आतला कापूसही त्वचेपर्यंत पूर्ण कापला आहे ना, हे नम्रपणे विचारा. रक्ताने भिजून वाळलेला कापूस प्लास्टरइतकाच आवळतो. सगळे मोकळे केल्यावर वेदना लवकर उतरली तर डॉक्टर लक्ष ठेवून थांबतात, नाही उतरली तर शस्त्रक्रिया करावी लागते.

अस्थिभंगाशिवायही हे घडते. यंत्रात किंवा ढिगाऱ्याखाली हात चिरडणे, खोल भाजणे, सलाईन शिरेबाहेर जाऊन हात फुगणे, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला किरकोळ मार लागणे, नशेत तासन्‌तास हातावर पडून राहणे ही त्याची कारणे आहेत. हाडवैद्याने कामट्या घालून करकचून बांधलेल्या पट्टीखाली झालेला हा आजार आपल्याकडे अजूनही पाहायला मिळतो. सर्पदंशानंतर सुजलेला हातही असाच दिसतो, पण तिथे पहिला उपचार प्रतिविषाचा असतो. तिथे दोरी आवळणे किंवा घाईने चीर देणे घातक ठरू शकते.

ताई, पुढच्या ड्रेसिंगच्या दिवशी चुलत सासऱ्यांना बरोबर घेऊन जा. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच त्यांच्यादेखत विचारा की पट्टी सोडली तेव्हा बोटे सरळ करताना मुलाची काय अवस्था होती, आवरण उघडल्यावर काय दिसले, आणि त्वचारोपण कोणत्या दिवशी करायचे. कंपाउंडर म्हणून काम केलेल्या माणसाला हे ऐकून कळेल, आणि रोज बोटांचे व्यायाम वेळेवर करून घेण्याची जबाबदारी त्यांच्याइतकी चोख घरात दुसरे कोणी पार पाडणार नाही.